उंच गिऱ्हाईक

मिरकरवाड्याच्या रस्त्यावरच्या माझ्या सलूनची चौकट बुटकी आहे, आणि या गिऱ्हाइकाइतका उंच माणूस माझ्याकडे दुसरा येत नाही. पूर्वी ते दिसले की मी आतून ओरडायचो, "काका, डोकं सांभाळा!" मग ते वाकून आत यायचे.

आता त्यांना पार्किन्सन झालाय. हात थरथरतो म्हणून दाढीलाही माझ्याकडेच येतात. पाठीला एवढा बाक आलाय की डोकं चौकटीला लागायचा प्रश्नच उरला नाही. हनुवटी हलायला लागली की मी ती बोटांनी धरून वस्तरा फिरवतो.

"डॉक्टरला विचारलं मी," ते एकदा बारीक आवाजात म्हणाले. "उंच माणसाच्या मेंदूत पेशी जास्त असतात, असं ऐकलेलं. तो म्हणाला, असतीलही, अभ्यास चाललाय. म्हटलं, मग माझ्या गेल्या कुठं?" आणि हसले. चेहरा हलला नाही, खांदे हलले.

दारात मात्र त्यांचे पाय जमिनीला चिकटतात. हाताला धरलं तर चिडतात. "ओढतोस काय रे? मी काय होडी आहे?" अशाच एका वेळी सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "काका, डोकं सांभाळा!" त्यांनी मान खाली घातली आणि पाऊल आपोआप उचललं गेलं. तेव्हापासून मी दर वेळी ओरडतो.

परवा बाकावरचं एक नवं गिऱ्हाईक हसलं. "वर केवढी तरी जागा आहे की!"

काका तोवर आत आले होते. "ती तुम्हाला दिसते," ते म्हणाले. "माझं डोकं अजून तिथंच आपटतं."