मावशींच्या नावावर

पॉलिसीमावशी कुठलाही करार शेवटच्या पानापासून वाचायच्या. समोरचा साहेब पहिल्या पानावरच्या सवलती समजावत असायचा आणि ह्या चष्मा सावरत मागची पानं उलटत असायच्या. मला म्हणायच्या, "बाय, आत यायची वाट सगळेच दाखवतात. भाएर पडायची कुठं लिवलीय ते आधी बघावं."

त्यांचं खरं नाव सुनंदा. नवरा एसटीत कंडक्टर होता, तो निवृत्त झाला. त्या स्वतः आधी बालवाडीत शिकवायच्या. बोर्ली पंचतनच्या बाजारात आणि आसपासच्या गावांत मात्र लहानथोर सगळे त्यांना पॉलिसीमावशीच म्हणत. मी श्रीवर्धनची. विम्याच्या धंद्यात पडले तेव्हा त्यांचंच बोट धरून पडले. आम्ही दोघी कुणा एका विमा कंपनीला बांधलेल्या नव्हतो. आमच्यासारख्या एजंटांना वेगवेगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी मिळवून द्यायला, शिकवायला, क्लेम अडला तर वर भांडायला मध्ये मार्केटिंग संस्था असतात. त्यांतली एक निवडून तिच्याशी करार करावा लागतो. ही निवड लग्नासारखी असते, असं बाकीचे एजंट गमतीत म्हणायचे. मावशी हसायच्या नाहीत.

एकदा मुंबईच्या एका मोठ्या संस्थेनं हरिहरेश्वरच्या हॉटेलात आम्हा एजंटांना जेवायला बोलावलं. पडद्यावर थायलंडच्या सहलीचे फोटो, कमिशनचे चढते आकडे, सगळं झालं. मावशी पापलेट मन लावून जेवल्या, हात धुतले आणि उभ्या राहिल्या. आमच्या गावात माणूस गेला नि क्लेम अडला तर तुमच्यातलं कोण फोन उचलणार, त्याचं नाव सांगा, एवढंच त्यांनी विचारलं. साहेबानं टोल-फ्री नंबर सांगितला. मावशींनी तो नीट लिहून घेतला, जेवणाबद्दल आभार मानले आणि सही न करता एसटी पकडली.

त्यांनी निवडली ती अलिबागची एक लहानशी संस्था. तिचे मालक साहेब वयस्कर होते, कमिशन जरा कमीच द्यायचे. पण फोन स्वतः उचलायचे. वादळाच्या वर्षी घरांचे पत्रे उडाले, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा ते स्वतः गाडी घेऊन बोर्लीत आले आणि मावशींबरोबर चिखलातून घरोघर फिरले. ज्यांचा विमा होता त्यांच्या नुकसानीचे फोटो काढले. ज्यांचा नव्हता त्यांच्याकडेही मावशी त्यांना घेऊन गेल्या. विमा नसला तरी माणूस हायच की, म्हणाल्या.

पुढे साहेब थकले. मुलं परदेशात, संस्था विकली गेली, तीही मुंबईच्या एका संस्थेला. नव्या लोकांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, गिऱ्हाइकांच्या जुन्या पॉलिसी मोडा आणि नव्या काढा. त्यात एजंटला पुन्हा पहिल्या वर्षाचं भरघोस कमिशन मिळतं. गिऱ्हाइकाचं मात्र नुकसान होतं. जुनी पॉलिसी मुरलेली असते, तिच्यावर सहसा कुणी शंका घेत नाही. नवीत पहिली काही वर्षं प्रत्येक उत्तर तपासलं जातं. मावशींनी तिथंच नकार दिला. करारात बाहेरची वाट होती, त्या बाहेर पडल्या. मीही पडले. आम्हाला वाटलं, सुटलो.

पण गिऱ्हाइकांची नावं-पत्ते संस्थेकडेच राहिले होते.

बोर्लीतले इकबालभाई आखातातून परत येऊन किराणा दुकान चालवायचे. मावशींची त्यांच्या घरी वर्षानुवर्षांची बैठक. ईदला शिरखुर्मा ठरलेला, आणि त्यांची बायको रेहाना मावशींच्या नातवाला स्वतःच्या हातानं भरवायची. संस्थेचा एक तरुण ह्या घरी गेला. मावशींनीच पाठवलंय म्हणाला. इकबालभाईंनी जुनी पॉलिसी मोडली आणि नवीवर सही केली. त्यांना मधुमेह होता. त्या तरुणानं विचारलं नाही की विचारून लिहिलं नाही, देव जाणे. वर्षाच्या आत इकबालभाई दुकानातच कोसळले, ते गेलेच. आजार लपवला म्हणून क्लेम नाकारला गेला.

आम्हाला हे सगळं त्यानंतर कळलं. मी मावशींबरोबर रेहानाकडे गेले. तिनं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही.

"मावशी, तुमचं नाव सांगितलं त्यानं," ती म्हणाली. "म्हणून सही केली ह्यांनी. नायतर दहादा इचारलं असतं."

मी सांगायला पुढे झाले की मावशी तर कधीच बाहेर पडल्या होत्या, त्यांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मावशींनी माझा हात दाबून धरला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "नाव माझंच होतं."



त्यानंतर त्या क्लेमच्या मागे लागण्याशिवाय त्यांनी दुसरं काही केलंच नाही. अंगात ताप असायचा, वजन उतरत होतं. तपासणी करा म्हटलं की म्हणायच्या, हे संपू दे. आम्ही अलिबागला साहेबांना भेटलो. ते पलंगावर होते, बोलणं जड झालं होतं, तरी मुंबईत कुणाला भेटायचं ते त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी रेवसहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला उतरलो. संस्थेच्या ऑफिसातल्या मुलीनं सांगितलं, तुम्ही आता आमच्या एजंट नाही, तुमच्याशी बोलता येणार नाही. मावशी म्हणाल्या, बरोबर हाय तुझं. आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. संध्याकाळपर्यंत कुणी भेटलं नाही.

विमा लोकपालांकडे तक्रार करायची, तर ती वारस म्हणून रेहानालाच करावी लागणार होती. मावशींनी मला तिच्याकडे पाठवलं आणि आपलं नाव तिथं काढायचं नाही म्हणून बजावलं. मी काढलं नाही, पण रेहाना काही दुधखुळी नव्हती. सुनावणीला ती आली तेव्हा दारात मावशींना पाहून थांबली, आणि मग त्यांच्या शेजारी येऊन बसली. मावशींना धाप लागत होती. रेहानानं पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली.

निकाल रेहानाच्या बाजूनं लागला. जुनी पॉलिसी फसवून मोडायला लावली होती हे मान्य झालं. तो कागद घेऊन रेहाना आली तेव्हा मावशी अलिबागच्या इस्पितळात होत्या. आजार फुप्फुसात पसरला होता. रेहाना पलंगाशी बसून म्हणाली, आता मुलीची पॉलिसी तुमच्याच हातची काढायची. मावशींनी मान हलवली, नाही म्हणून.

"आता माझ्या नावावर कुणी सही करायची न्हाय," त्या म्हणाल्या. "ही बाय हाय. तिच्याकडनं घे. पण हिलापण सगळं इचार. माझी हाय म्हणून सोडू नको."

मला वाटलं होतं, निकाल ऐकून त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. ज्या नावानं तीस-चाळीस गावांतली दारं उघडली, त्याची त्यांना शेवटी भीती वाटत होती. होळीच्या आदल्या आठवड्यात त्या गेल्या. बुद्धवंदना चालू असताना अंगणात इतकी माणसं होती की मागच्यांना रस्त्यावर उभं राहावं लागलं. रेहाना मावशींच्या सुनेला धरून बसली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी रेहानाचा फोन आला. मी गेले. तिनं चहा ठेवला, कागद घेतले आणि सही केली नाही. आधी वाचते म्हणाली. आठवड्यानं पुन्हा बोलावलं. तिची कॉलेजात जाणारी मुलगी एकेक कलम विचारत होती आणि मी सांगत होते. एका प्रश्नाचं उत्तर मला येईना.

"विचारून सांगते," मी म्हणाले.

कुणाला विचारणार, ते रेहानानं विचारलं नाही. तिनं माझा कप उचलला आणि आत जाऊन पुन्हा भरून आणला.