खुर्चीवरून पाहिलेला उजेड

नत्थूजी डेकोरेशनवाले म्हटलं की आमच्या हुडकेश्वरात कोणीही घर दाखवेल. या भागातली निम्मी लग्नं त्यांच्या मांडवात लागली असतील. माझंही लागलं. कोणाच्याही कार्यात हा माणूस वरपित्याच्या तोऱ्यात फिरतो, माइक स्वतःचा असल्यामुळे तो हातातून सोडत नाही, आणि सल्ला ऐकणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही.

आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, ओपन स्पेसवर बॅडमिंटनचं कोर्ट झालं, तेव्हा लाइट निवडायचं काम त्यांना कोणी दिलं नाही; त्यांनी ते घेतलं. कारण रितिका. ही त्यांची नात, अकरावीत शिकणारी, खेळायला रोज सायकलनं नंदनवन वस्तीत जाणारी. आपल्या नातीचा खेळ आपल्या उजेडात सगळ्या लेआउटनं पाहावा, एवढीच हौस होती म्हाताऱ्याला. ती काही वाईट हौस नव्हती.

"आबाजी, खांब कोर्टच्या दोन्ही बाजूले लावा," रितिकानं माझ्यासमोरच त्यांना सांगितलं होतं. "समोरून नका लावू. आमाले वर पाहा लागते, लाइट डोळ्यात जाते."

"कोनाले शिकवून राहिली वं? तू पैदा नोती तवापासून लाइट लावून राहिलो मी."

ती सायकल काढून खेळायला निघून गेली. मीही मध्ये पडलो नाही. नत्थूजींशी कोण वाद घालणार!

मग त्यांनी सीताबर्डीच्या बाजारातून भलेमोठे एलईडी फोकस आणले आणि मांडवात लावतात तसेच लावले. मांडवाचा कायदा सोपा असतो: पाहुणे एकीकडे, स्टेज समोर, आणि फोकस पाहुण्यांच्या मागून थेट नवरा-नवरीच्या तोंडावर. त्यांनी कोर्टच्या एका टोकाला खुर्च्या मांडल्या, खुर्च्यांच्या मागे खांब रोवले आणि सगळे फोकस कोर्टकडे वळवले. नंतर पहिल्या रांगेत बसून पाहिलं. जमिनीवरची मुंगी दिसेल असा उजेड! ते खूश झाले. उठून कोर्टवर जाऊन उभं राहावं, हे काही त्यांच्या मनात आलं नाही. मांडववाला स्टेजवर कशाला उभा राहील?

उद्घाटनाला नंदनवनच्या भूमिकाशी रितिकाचा सामना ठेवला होता, एकाच गेमचा. रितिकानं खुर्च्यांकडे तोंड करून खेळायचं, हेही नत्थूजींनीच ठरवलं. पोरीचा चेहरा लोकांना दिसायला नको? भूमिकाची पाठ फोकसकडे होती, त्यामुळे तिला काहीच अडचण नव्हती.

पहिलंच शटल उंच आलं. रितिकानं मान वर केली आणि ते तिच्या मागे पडलं. दुसरं खांद्यावर आपटलं. मग हे सुरूच राहिलं. ती डोळ्यांवर हात धरायची, भलतीकडेच रॅकेट फिरवायची. आम्हाला खुर्चीवरून प्रत्येक शटल लख्ख दिसत होतं, म्हणून आम्हाला तिचंच नवल वाटत होतं.

नत्थूजींना ते सहन होईना. हातात माइक होताच. "रितिका! डोये उघड नं वं! खेळाले आली का झोपाले आली?"

सगळं लेआउट हसलं. तिचे कान लाल झाले. तिनं खांबांकडे बोट दाखवलं असतं तर चूक कोणाची, याचा तिथेच निकाल लागला असता. पण ती गुमान खेळली आणि दणकून हरली. भूमिकानं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं, माझंच ध्यान नोतं."

बक्षीस द्यायला नत्थूजी कोर्टवर गेले आणि रितिका खेळली त्याच अर्ध्या भागात उभे राहिले. "आबाजी, एक शॉट तुमीबी मारा!" म्हणत भूमिकानं गमतीनं त्यांच्याकडे शटल उडवलं. त्यांनी रॅकेट उगारून वर पाहिलं आणि तसेच थिजले. शटल टोपीवर पडून घरंगळलं. लोक पुन्हा हसले. नत्थूजी मात्र डोळ्यांवर हात धरून त्या पांढऱ्या झगमगाटात आमचे चेहरे शोधत होते. पहिल्या रांगेत बसलेली बायको, रंभाबाई, तीही त्यांना दिसत नव्हती. त्यांनी माइक मला दिला आणि तडक घरी गेले. एवढा शरमलेला माणूस मी आमच्या लेआउटमध्ये पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः उभं राहून खांब उपटवले आणि कोर्टच्या दोन्ही बाजूंना लावून घेतले. संध्याकाळी फोकसची तोंडं वळवताना कोर्टच्या मधोमध रितिका उभी होती आणि ती सांगेल तसं ते करत होते. "थोडं खाली, आबाजी. हं, आता नाही लागत डोळ्याले." मी शिडी धरून होतो. नत्थूजी तिच्याकडे पाहायचं टाळत होते.

शेवटी शिडीवरूनच, फोकसकडे तोंड करून, त्यांनी विचारलं, "काल सगळ्यायसमोर सांगितलं काहून नाही वं तू, का मायाच लाइटची चूक आहे म्हनून?"

रितिकानं पायाशी पडलेलं शटल उचललं.

"सगळ्यायसमोर हासू झालं तं कसं वाटते, ते मले तवाच समजलं होतं, आबाजी. तुमचं कसं होऊ देऊ तसं?"

नत्थूजी शिडीवर तसेच उभे राहिले. स्क्रू केव्हाच घट्ट बसला होता, तरी ते पिळत राहिले. खाली उतरले असते तर तिच्याकडे पाहावं लागलं असतं.