आवाजावर लावलेलं मशिन

हे मी आजवर घरीही बोललो नाही. ऐंशीच्या दशकात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्यात मी वेल्डिंगचं नवं मशिन दाखवायला गेलो होतो. रॉडचं, वायरचं आणि आर्गन वायूचं, तिन्ही तऱ्हेचं वेल्डिंग एकाच मशिनवर. ते विकलं तरच माझी नोकरी पक्की होणार होती, आणि त्या बटणांतलं मला धड काही कळत नव्हतं.

मालक चहा सांगायला गेले. मी वायर सोडणारी गन पत्र्यावर धरून चालू केली, तर वायर वितळेना. पत्र्यावर आपटून शेवयांसारखी गोळा व्हायला लागली. उसाच्या ट्रॉल्या जोडणारा तिथला वेल्डर पोट धरून हसला.

"पावणं, कळ रॉडवर हाय की! वायर कशी जळंल?"

कळ वायरवर घेऊन त्यानं मला गन परत चालू करायला लावली, डोळे मिटले, मान तिरकी केली आणि व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं. वायरची फटफट थांबून भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज आला.

"हां! आकडं बघू नगा, ह्ये ऐका."

तेवढ्यात मालक आले. "झकास! कुणी लावलं?"

"मी," मी म्हणालो.

"व्हय, सायबांनीच," वेल्डर डोळा मारत म्हणाला. "सायब, परत लावून दावा की!" त्यानं बटणं पार खाली नेली आणि गन स्वतः धरली.

मी डोळे मिटून बटण फिरवत गेलो. आणि आला की हो तोच आवाज! मी चक्क उडी मारली. मालकांनी मशिन ठेवून घेतलं.

निघताना वेल्डर कानाशी म्हणाला, "खोटं बोललासा सायब, पर आता खरं झालं."

मी वेड्यासारखा हसत सुटलो. मालकांना मात्र सांगितलं नाही, ते आज सांगतो. पहिल्यांदा मशिन त्यानं लावलं होतं.