मध्यंतरापर्यंतचा रसिक

नगरला माझं चष्म्याचं दुकान आहे. रविवारी ते गिऱ्हाइकांसाठी बंद असतं आणि विद्वानांसाठी उघडं. दुपारी तीनच्या सुमाराला अर्धवट उघडलेल्या शटरखालून तीन माणसं वाकून आत येतात. त्यांचं वाकणं तेवढंच. एकदा आत आली की कुणी कुणापुढे वाकत नाही. विषय एकच, सिनेमा.

त्यातले पहिले सर. अकोले तालुक्यातल्या डोंगरगावचे. जन्मभर हायस्कुलात मराठी शिकवलं, आता मुलाकडे नगरला असतात. जुने, काळे-पांढरे सिनेमे ही त्यांची जहागीर. दुसऱ्या सिस्टर. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, रविवारची प्रार्थना आटोपून, जेवून थेट दुकानात येणाऱ्या, आणि भुताच्या सिनेमांच्या निस्सीम भक्त. तिसरे चाचा. ते सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या शिवतात. शहरातल्या बंद पडलेल्या दोन टॉकीजच्या खुर्च्या त्यांच्याच हातच्या. त्यामुळे सिनेमाकडे ते रेक्झिनच्या बाजूने बघतात.

"हॉरर लागला की आठवड्यात हात ठेवायची जागा फाटायची," चाचा सांगत. "पब्लिक नखानं ओरबाडायचं. सरांचा क्लासिक लागला की खुर्ची लई सुखात. झोपलेला माणूस काय फाडनार?"

मी कोणतंच मत देत नाही. चहा मागवतो.

सरांचा एक लाडका सिनेमा होता. एका लहान गावातली मास्तरीण, शहरात गेलेला नवरा, आणि तिचं वाट बघणं. या सिनेमाच्या शेवटावर सर आम्हाला महिन्यातून एकदा तरी व्याख्यान देत. ते देताना उभे राहत. बसून सांगण्याइतका तो शेवट सामान्य नव्हता.

"ती फलाटावर उभी आहे. गाडी येते. तो उतरत नाही. गाडी निघून जाते. ती उभीच. संगीतसुद्धा नाही! फक्त वाफेचा आवाज. याला म्हणतात कलाकृती. नाहीतर तुमची ती केस सोडलेली बाई."

केस सोडलेली बाई म्हणजे सिस्टरांच्या आवडत्या सिनेमातली चेटकीण. तिचा अपमान सिस्टरांना सहन होत नसे.

"सर, तुम्ही तो पूर्ण बघितलाय का?"

"गरज काय? दर्जा दहा मिनिटांत कळतो."

एका रविवारी हे वाक्य सिस्टरांना फार लागलं. त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या रविवारी दोन्ही सिनेमे इथेच बघायचे, आधी माझा, मग तुमचा, आणि मधे कुणी उठायचं नाही. चर्चच्या संडे स्कूलचा प्रोजेक्टर त्या आणणार. चाचा म्हणाले, मी चार खुर्च्या आणतो, तुमच्या दुकानातल्या बाकावर बसून माणूस क्लासिक होण्याआधी कुबडा होईल. सर मात्र एकदम चुळबुळायला लागले. पुढच्या रविवारी लग्न आहे म्हणाले. कुणाचं ते सांगता येईना, म्हणून लग्न रद्द झालं.

ठरल्याप्रमाणे जमलो. त्या दिवशी सकाळी अकरालाच बसलो, सिस्टरांनी प्रार्थनेला सुट्टी दिली. देवाला काय वाटलं असेल ते त्याचं त्याला ठाऊक. अक्षरं वाचायचा तक्ता काढून भिंत मोकळी केली आणि चेटकीण सुरू झाली. सरांनी पहिल्या किंकाळीला रुमाल काढला आणि डोळ्यांत कचरा गेल्याचं सांगितलं. तो कचरा पावणेदोन तास निघाला नाही. चष्म्याच्या दुकानात बसून हे सांगायला धैर्य लागतं. चाचा खुर्चीचे हात तपासत होते. सिस्टर मात्र हसत होत्या.

"हिचे डोळे बघा किती पांढरे. ॲनिमिया आहे हिला. महिनाभर लोहाच्या गोळ्या दिल्या तर कशाला झाडावर चढेल?"

मग भाकरी खाऊन सरांचा सिनेमा लावला आणि सर पुन्हा सर झाले. मास्तरीण तोंड उघडायच्या आत तिचं वाक्य हे म्हणत. कॅमेरा कुठून कुठे वळणार, दिव्याची काच कधी तडकणार, सगळं पाठ. मी मनात कबूल केलं, की माणूस कटकट्या असला तरी खरा जाणकार आहे. त्या मताचं आयुष्य पाऊण तास होतं.

पडद्यावर 'मध्यंतर' अशी पाटी आली. सर उठले, पिशवी खांद्याला लावली आणि शटरकडे निघाले. अगदी सहज, सवयीने. मग आम्ही सगळे बघतोय हे लक्षात येऊन परत बसले. पिशवी मांडीवरच ठेवली.

उत्तरार्ध सुरू झाला आणि एकही संवाद आधी ऐकू आला नाही. आम्हाला चुकल्यासारखं वाटलं. सर पुढे झुकून बघत होते. एक सासू नव्यानेच गोष्टीत आली, तर त्यांनी चाचांना हळूच विचारलं, "ही कोण?" चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

शेवटी फलाट आला. गाडी आली. नवरा उतरला! चांगला गुबगुबीत होऊन, हातात नवी बॅग घेऊन उतरला. मास्तरणीने त्याच्या हातात घराची किल्ली ठेवली आणि त्याच गाडीत चढून ती निघून गेली. वर संगीत, तेसुद्धा भरपूर. सनईसकट.

मी प्रोजेक्टर बंद केला. सरांना टोमणे मारायचे म्हणून आठवडाभर मी चार-पाच वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. ती बाजूला ठेवून मी तक्ता परत भिंतीवर टांगायला घेतला.

सिस्टरच बोलल्या, "सर, तुम्ही सांगितलेला शेवट कुठल्या सिनेमात आहे?"

सर पिशवीचा बंद ओढू लागले. बोलले तेव्हा वर्गातली मराठी नव्हती.

"मी संगमनेरला कालेजात हुतो. तीनचा खेळ. गावाकडची शेवटची यस्टी पावनेपाचला. मध्यंतर झालं की पळायचं. घरी दोन म्हशी, आन् बाप अंथरुनाला खिळल्याला. धार काढायला दुसरं कोन हुतं?"

"म्हणजे हा सिनेमा अर्धाच..."

"हा न्हाई. सगळेच."

सगळेच! किती वर्षं हा माणूस आम्हाला जुन्या सिनेमांचे शेवट शिकवत होता आणि त्यातला एकही त्याने पाहिला नव्हता. डोंगर चढणाऱ्या एसटीत खिडकीशी बसून प्रत्येक सिनेमा ते स्वतः पुरा करत. घाट लागेपर्यंत नायिकेचं काय ते ठरलेलं असे. दुसऱ्या दिवशी वर्गातली मुलं शेवट विचारत, तेव्हा हाच सांगत. पुढे शिक्षकांच्या खोलीत सांगितला. मग आम्हाला.

"पण नंतर टीव्हीवर लागायचे की," मी म्हणालो. "आता तर मोबाईलवर आहेत."

"टीव्ही बंद करायचो," सर म्हणाले. "भीती वाटायची. इतकी वर्षं सांगितलेलं खोटं निघालं तर?"

भुताच्या सिनेमांना नाकं मुरडणारा हा माणूस सनईला घाबरत होता. एरवी मी हे मोठ्याने म्हटलं असतं. चाचांनी उठून त्यांच्या पाठीमागे एक उशी सारली. त्यांना सहानुभूती दाखवायची ती एकच रीत येते.

"खरं सांगू का सर?" सिस्टर म्हणाल्या. "तुमचा शेवट बरा होता. ह्याच्यात ती बाई निघाली कुठं, ते काही कळलं नाही."

सरांनी मान वर केली. त्या एका वाक्याने त्यांची तब्येत इतकी सुधारली, की गेले आठ रविवार आम्ही त्याचं फळ भोगतोय. आता आम्ही फक्त उत्तरार्ध बघतो. सरांच्या राहिलेल्या सिनेमांची यादी दोन पानी आहे. प्रत्येक शेवटानंतर ते उभे राहतात आणि दिग्दर्शक कुठे चुकला ते सांगतात. पश्चात्ताप वगैरे काही नाही. बदल्यात सिस्टरांनी अट घातली आहे, की महिन्यातून एक भुताचा सिनेमा उघड्या डोळ्यांनी बघायचा. पहिल्या वेळी अकरा मिनिटं झाली.

गेल्या रविवारी एका सिनेमात नायक फारच फुसका मेला. चाचा म्हणाले, "छोडो, सर, तुमी यस्टीत याला कसा मारला हुता ते सांगा." सरांनी घसा साफ केला. मी चहाचं सांगायला उठलो होतो, पण मग तिथेच उभा राहून ऐकत राहिलो. शेवट वाईट नव्हता हो. सिस्टरांनी तर रुमाल काढला, आणि त्यांच्या डोळ्यांत काही गेलेलं नव्हतं.