थडग्यावरून आल्यावरची आंघोळ

आनेकल गावाच्या पुढे एका शेतात उभ्या शिळांचं प्राचीन थडगं आहे. मी हौसेनं सासूबाईंना ते दाखवायला नेलं. शिळेत कोरलेलं गोल भोक बघून त्यांनी देऊळ समजून फूल वाहिलं. थडगं आहे म्हटल्यावर मात्र त्या तडक मागे फिरल्या. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या फ्लॅटच्या दारात त्यांनी हुकूम सोडला, "आधी डोक्यावरून आंघोळ, मगच कशाला शिवायचं!"

नळ कोरडा, टँकरचा पत्ता नाही. माझं डोकंच फिरलं. "अहो आई, ती माणसं जाऊन हजारो वर्षं झाली! त्यांचं कसलं आलंय सुतक?"

पिंपातलं उरलंसुरलं पाणी बादलीत ओतत त्या म्हणाल्या, "म्हणूनच. त्यांच्यासाठी आंघोळ करणारं आता उरलंय कोण?"