डावखुरा माऊस

वेल्ह्याला मी लिनक्सवर कॉम्प्युटर क्लास चालवायचो. दर मंगळवारी पासलीहून एक मावशी एसटीनं यायच्या. दुबईतल्या लेकाची ईमेल त्यांना स्वतःच्या हातानं उघडायची होती. माऊस त्या डाव्या हातात धरत. मग बोट उजव्या बटणावर पडे आणि पत्राऐवजी भलतीच यादी उघडे.

“उजव्या हातानं धरा,” मी चिडायचो.

“धार काढताना म्हशीला चालतोय ह्यो हात,” त्या एकदा म्हणाल्या. “तुमच्या उंदराला चालंना व्हय?”

मी नुसता हसलो. बटणांची अदलाबदल करायला सेटिंगमध्ये एक खूण पुरली असती. मला ते ठाऊक होतं, कंटाळा केला. त्यानंतर त्या आल्याच नाहीत.

क्लास बंद होईपर्यंत दाराजवळचा एक माऊस मी डावखुरा करून ठेवला होता. मंगळवारी पासलीची एसटी आली, की दाराकडं बघत बसायचो.