अनवरीची तिरपी खाट

धामणगाव रेल्वे गावातल्या धान्यबाजारामागच्या गल्लीत अनवरी लग्न होऊन आली ती बारदानाचा, म्हणजे तागाच्या पोत्यांचा, धंदा करणाऱ्या घरात. नवरा अब्दुल गफ्फार फाटकी पोती विकत घ्यायचा. ती दाभण-सुतळीनं ती शिवायची, आणि मग शिवलेली पोती पुन्हा अडत्यांकडे जायची. घर त्यावर नीट चालत होतं.

मग कापसाला भाव राहिला नाही. पेपर उघडला की आसपासच्या गावांच्या वाईट बातम्या. शेतकरी सोयाबीनकडे वळले, पण सोयाबीन बाजारात आलं ते प्लास्टिकच्या पोत्यांतून. फाटलं की फेकलं, शिवायचा प्रश्नच नाही. गफ्फारचं दुकान ओस पडलं, आणि अनवरी खुशालरावांच्या गोदामात धान्य निवडायला जाऊ लागली.

खुशालराव जुने व्यापारी. त्या वर्षी त्यांनी हिंमत करून सोयाबीन परदेशी पाठवायचा सौदा केला होता. पेंड नव्हे, अख्खा दाणा. तिकडे त्याचं दूध आणि पनीर होणार होतं. पण ऐन सोंगणीत, पिकाच्या कापणीच्या दिवसांत, पाऊस आला. चिखलातलं पीक मुळांसकट उपटून आलं आणि मळणीत काळ्या मातीचे खडे दाण्यांत मिसळले. खडे नेमके दाण्याएवढे. चाळणीत अडकत नव्हते, पंख्याच्या वाऱ्यानं उडत नव्हते. मुंबईहून आलेल्या तपासनिसानं नमुना पाहिला आणि माल नाकारला. जहाज सुटायच्या आत साफ झाला तर बघू, एवढंच म्हणाला.

बायका सुपं घेऊन बसल्या. दिवस मावळला तरी पोत्यांची थप्पी होती तेवढीच दिसत होती.

"राहू द्या," खुशालराव म्हणाले. "तेलाच्या मिललेच घालतो हा माल."

अनवरी तळहातावर एक दाणा आणि एक खडा घेऊन बसली होती. तिनं हात जरा कलता केला. दाणा पडला, खडा तिथंच राहिला.

"भाऊ, उद्याचा दिवस थांबा," ती म्हणाली. "दाणा गोल हाय, खडा चपटा. दाण्याले पळू द्या, खडा मांगं राहीन."

"म्हंजे कराचं काय?"

"एक खाट लागते. जुनं बारदान माह्या घरी लय पडलं हाय."

सकाळी तिनं खाटेवर तागाचं खरखरीत पोतं ताणून शिवलं, डोक्याकडचे पाय विटांवर चढवले आणि वरून टोपलं ओतलं. दाणे, खडे, सगळंच धाडकन खाली आलं.

"हे तं पोरायची घसरगुंडी झाली, अनवरी," शेजारची चतुराबाई म्हणाली. बायका हसल्या.

अनवरीनं विटा कमी केल्या. तरीही जमेना. मग तिनं टोपलं एकदम न उलटता दाणे सुपानं हळूहळू, पातळ धारेनं सोडले. आता दाणे घरंगळत खाली गेले आणि खडे तागाच्या धाग्यांत अडकून बसले. चतुराबाईनं खालचे दाणे मुठीत घेऊन निरखून पाहिले, आणि आपल्या घरची खाट आणायला निघाली.

गल्लीतल्या खाटा गोदामात आल्या. गफ्फार सगळं बारदान घेऊन आला आणि बायकोच्या शेजारी बसून शिवू लागला. तपासनीस पुन्हा आला तेव्हा त्यानं कोपरापर्यंत हात घालून पोत्यामागून पोतं तपासलं. हाताला मातीचा कणही लागला नाही. ट्रक बंदराकडे निघाले तेव्हा बायका रस्त्यापर्यंत त्यांच्यामागं चालत गेल्या.

पुढच्या सोंगणीआधी खुशालराव स्वतः गल्लीत आले. "अनवरी, यंदा दुप्पट माल हाय. कवा येतं गोदामात?"

"मी नाई येत भाऊ. माल इकडं पाठवा. आमी बाया मिळून दुकानातच काम काढून राहिलो. मजुरीही आमीच सांगू."

खुशालरावांनी दाढी खाजवली. "बरं," ते म्हणाले. "पाठवतो."

त्या दिवाळीला गल्लीच्या तोंडापासून बाजारापर्यंत सोयाबीनच्या गाड्या उभ्या होत्या. दुसऱ्या व्यापाऱ्यांनीही माल धाडला होता. गफ्फारनं शिडी लावून दुकानावरची स्वतःच्या नावाची पाटी पुसली आणि ठळक निळ्या अक्षरांत लिहिलं: अनवरी धान्य सफाई केंद्र. खाली उभी राहून अनवरी पाहत होती.

"'अनवरी' जरा मोठं पायजे होतं," ती म्हणाली.

गफ्फारनं ब्रश पुन्हा रंगात बुडवला.